चर्चगेटचा दरवाजा कोठे आहे?

अंधेरीहून रोज सकाळी सुटणाऱ्या गाड्यांच्या कपाळी ‘चर्चगेट’ हे नाव असते आणि ‘फोर्टात नोकरीला आहे’ असे सांगणारा एखादा तरी माणूस उपनगरातील प्रत्येक चाळीत आढळतो. परंतु चर्चगेटला दरवाजा नाही आणि फोर्टात किल्ला नाही, याचे नवल कोणासही वाटत नाही. नाहीशा झालेल्या वस्तूची नावे दीडशे वर्षांनंतरही लाखोंच्या तोंडी राहावीत, यामागे काही कारण असले पाहिजे. माहीतगाराबरोबर सुटीच्या दिवशी दोन तास पायी फिरण्याची तयारी असेल, तर ते कारण सापडते.

स्थानकातून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात हुतात्मा चौक येतो. सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तटाचा पश्चिम दरवाजा येथे होता. १८६४ साली त्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. दक्षिणेस अपोलो दरवाजा, उत्तरेस बझार दरवाजा. काळा घोड्याजवळच्या रस्त्याचे ‘रॅम्पार्ट रो’ हे जुने नाव तटावरूनच पडले. चौकातून दादाभाई नवरोजी रस्त्याने बोरीबंदराकडे जाणारा माणूस स्थूलमानाने जुन्या तटाच्या कडेनेच चालत असतो. डाव्या हातास राहणारी मैदाने ही तर तटाचीच देणगी होय. शत्रूला आडोसा मिळू नये, तोफांचा मारा अडू नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी राखली गेली. आज ओव्हल आणि आझाद मैदानावर मुले क्रिकेट खेळतात ती त्या जमिनीवर.

हा शत्रू कोण होता? गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत, १७१६च्या सुमारास, हा तट पुरा झाला. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. साष्टी बेट, म्हणजेच अंधेरी ज्या भूमीवर वसली आहे ते बेट, मराठ्यांकडे आले आणि माहीमची खाडी ही सरहद्द ठरली. मुंबईत घबराट उडाली. तटाभोवती खंदक खोदण्याचे ठरले व त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये दिले. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत अंधेरीची बाजू ही मुंबईच्या दृष्टीने परमुलूखच होती. ज्या दिशेच्या भयाने खंदक खोदला गेला, त्याच दिशेने आज रोज लाखो माणसे हातात डबा घेऊन येतात आणि संध्याकाळी निमूटपणे परत जातात.

तट कोणत्याही शत्रूने पाडला नाही. आत वस्ती दाटत गेली, १८०३च्या आगीत तिचा मोठा भाग जळाला आणि अनेकांनी बाहेर घरे केली. मराठी सत्ता १८१८ साली संपल्यावर तर तटाला कामच उरले नाही. अखेर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, तो उतरवला गेला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात नव्या मुंबईला जागा मिळाली. १८७८ साली पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर ही त्या काळाची साक्ष होय. त्याच दशकात, १८६७ साली, विरारहून बॅकबेपर्यंत आगगाडी धावू लागली. एक भिंत पडली आणि उपनगराचा रस्ता उघडला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

व्हिएन्नानेही १८५७ साली तट पाडण्याचा निर्णय घेऊन त्या जागी भव्य राजमार्ग केला. उलट यॉर्कच्या नागरिकांनी आपला मध्ययुगीन तट पाडू दिला नाही; त्यावरून आजही चालता येते. मुंबईने पहिली वाट धरली, आणि वाढत्या शहराला ती योग्यच होती. तट गेला याचा शोक करण्याचे कारण नाही. मात्र तो कोणी, कोणाच्या भयाने आणि कोणाच्या पैशाने बांधला, याचे विस्मरण ही हानीच आहे.

सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, १७६९च्या सुमारास बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा अद्याप उभा आहे. या भागातील व्हिक्टोरियन इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले आणि त्या पाहण्यासाठी परदेशी प्रवासी वाटाड्यासह हिंडतात. अशा फेऱ्यांचा बराच भाग इंग्रजीत चालतो. हे काम मराठीतून आणि विनामूल्य व्हावयाचे, तर ते शिक्षकांनीच अंगावर घेतले पाहिजे. त्यास अनुदान लागत नाही. एक नकाशा, थोडे वाचन आणि वीस विद्यार्थी पुरेत. अंधेरीचा मुलगा या शहरात पुढे नोकरीसाठी येणारच आहे. त्याआधी एकदा तो या शहराचा वारस म्हणून तेथे आला, तर फोर्ट हे त्याला केवळ कचेरीचे ठिकाण वाटणार नाही.