फसवावे, पण न्यायाने

खवळलेली मगर, तापलेली (३).

अशी ओळ वाचली की डोळ्यांपुढे आधी नदी येते, मग उघडा जबडा. ओळ रचणाऱ्याला नेमके हेच हवे असते. खरे तर तिच्यात नदीही नाही आणि जनावरही नाही. ‘तापलेली’ हा उत्तराचा अर्थ. ‘मगर’ ही उत्तराची अक्षरे. ‘खवळलेली’ हा हुकूम : ही अक्षरे ढवळा. म-ग-र ढवळले की ग-र-म. कंसातला आकडा अक्षरसंख्येचा. तीन शब्द, तिघांनाही काम, बिनकामाचा एकही नाही.

ओळ मी मराठीत रचली असली तरी हा प्रकार वाढला ब्रिटनमध्ये, तिथल्या शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रांत. तिकडे त्याला ‘क्रिप्टिक’ शब्दकोडे म्हणतात. आपल्या रविवार पुरवणीतले कोडे अर्थ सांगते आणि शब्द मागते. क्रिप्टिक कोडे अर्थ तर देतेच, वर तो शब्द कसा जुळवायचा हेही सांगते. फक्त दोन्ही गोष्टी एका साध्याभोळ्या दिसणाऱ्या वाक्यात अशा मिसळते की जोड कुठे आहे तेच कळत नाही. तो जोड सापडला की निम्मे काम झाले. ‘जग उलटले की हत्ती (२)’ : जग मागून वाचा, गज. ‘नदीकाठचा बाण (२)’ : दोन्ही अर्थांना एकच शब्द, तीर. ‘नाक मळकट, आत फूल (३)’ : पहिल्या दोन शब्दांच्या पोटातच कमळ दडलेले आहे. संस्कृत पंडितांची अंतर्लापिका याच जातीची. उत्तर प्रश्नाच्या शब्दांतच असे, ते दिसायला नजर लागे.

शब्दकोड्याचा जन्म मात्र अमेरिकेतला. मूळ लिव्हरपूलच्या आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात हिऱ्याच्या आकाराची चौकट छापली. दहा-बारा वर्षांत ते वेड अटलांटिक ओलांडून ब्रिटनमध्ये आले आणि तिथे त्याला वळण लागले. त्या वळणाचा सगळ्यात सलग इतिहास ‘द ऑब्झर्व्हर’ या १७९१ पासून निघणाऱ्या साप्ताहिक वर्तमानपत्रात सापडतो. त्याच्या रविवारच्या अवघड कोड्याची धुरा १९२६ पासून जवळजवळ शंभर वर्षे तिघांनीच वाहिली.

पहिला एडवर्ड पॉविस मॅथर्स. हा मूळचा कवी आणि अनुवादक. ‘अरेबियन नाइट्स’ त्याने फ्रेंचवरून इंग्रजीत आणले. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’वरून त्याने ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे काव्य रचले, ते १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका काश्मिरी कवीच्या विरहश्लोकांत रमलेला हा माणूस कोड्यांसाठी मात्र टॉर्केमादा हे नाव घेतो. टॉर्केमादा म्हणजे स्पेनच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, पहिला मुख्याधिकारी, छळासाठी कुप्रसिद्ध. गोव्याचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला या नावातली धमकी वेगळी समजावून सांगायला नको.

मॅथर्सने चौकटीतली काळी घरे बरीचशी काढून टाकली. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे दाखवायला त्याने घरांमध्ये जाड रेघा ओढल्या. त्यामुळे आडवे-उभे शब्द एकमेकांना जास्त ठिकाणी छेदू लागले आणि फार दुर्मीळ शब्दही वापरता येऊ लागले. शब्द तो निवडी, ते चौकटीत बसवण्याचे किचकट काम त्याची पत्नी रोझामंड करी. त्याची खोड किती खोलवरची होती ते ‘केन्स जॉबोन’वरून कळते. १९३४ साली छापलेली ही शंभर पानांची खूनकथा आहे, पण पाने मुद्दाम उलटसुलट क्रमाने लावलेली. वाचकाने खरा क्रम लावायचा आणि सहा खुनांतले मारणारे व मेलेले ओळखायचे. त्या काळी दोघांनी ते साधले. २०१९ मध्ये पुस्तक पुन्हा निघाले, त्यानंतर विनोदी लेखक जॉन फिनेमोर याने टाळेबंदीत घरी बसून ते सोडवले.

टॉर्केमादाची प्रतिभा वादातीत. पण त्याच्या कोड्यांत एक उणीव होती आणि माझ्या दृष्टीने ती मोठी आहे. त्याच्या क्लूला, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या ओळीला, धरबंध नसे. कधी नुसता वाङ्मयीन संदर्भ, तर कधी शब्दखेळ असे पण अर्थाचा पत्ता नसे. उत्तर सापडले तरी तेच बरोबर याची खात्री पटेलच असे नाही. सोडवणारा कोडेकाराच्या मर्जीवर राही.

मॅथर्स १९३९ मध्ये गेला आणि काम आले डेरिक मॅकनट यांच्याकडे. हे ससेक्समधल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे मास्तर. त्यांनी टोपणनाव घेतले झिमेनीस, तोही स्पेनचाच इन्क्विझिटर. १९७१ पर्यंत त्यांनी हजाराहून अधिक कोडी दिली. पण त्यांचे खरे काम आहे कायदा घालून देण्याचे. १९६६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून तो मांडला. गाभा सांगायचा तर क्लूमध्ये तीनच गोष्टी असाव्यात : अचूक अर्थ, उत्तरापर्यंत नेणारा रास्त शब्दखेळ, आणि या दोहोंपलीकडे काही नाही. फसवण्याची पूर्ण मुभा, खोटे बोलण्याची अजिबात नाही.

आपल्या मगरीवर हा कायदा लावून पाहू. ‘कृष्णेच्या डोहात खवळलेली मगर, तापलेली’ असे केले तर चित्र देखणे होते, पण कृष्णा आणि डोह यांना उत्तरात काहीच काम नाही. झिमेनीस ते खोडतील. ‘मगर, तापलेली’ एवढेच ठेवले तर अक्षरे ढवळायला कोणी सांगितलेलेच नाही, हेही बाद. तिसरी चूक जास्त बारीक आहे : ‘खवळलेला जलचर, तापलेली’. इथे आधी जलचर म्हणजे मगर हे ओळखायचे आणि मग ती ढवळायची. पण जलचर म्हणजे मासा, कासव, सुसर, काहीही असू शकते. ज्या अक्षरांची उलटापालट करायची ती अक्षरे सोडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवीत. मला स्वतःला हा नियम सगळ्यांत आवडतो. अवघड आणि अशक्य यांच्यामधली रेघ इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या खेळात आखलेली मी पाहिलेली नाही.

तिसरे जोनाथन क्राउदर, १९७२ पासून. टॉर्केमादाच्या मागून त्या पदावर आलेला इन्क्विझिटर देझा. त्याचे नाव रोमन लिपीत उलटे लिहिले की होते अ‍ॅझेड, आणि त्यात ए ते झेड ही सारी वर्णमालाही येते. हे टोपणनाव स्वतःच एक क्लू आहे. क्राउदर यांनी झिमेनीसचा कायदा अर्धशतकभर पाळला आणि त्यांचा एक सुंदर रिवाजही पुढे चालवला. ठरावीक कोड्यांत एका शब्दाचा फक्त अर्थ छापायचा. त्याचा क्लू वाचकांनी रचून उत्तराबरोबर पाठवायचा. निवडक क्लू आणि त्यांवरची टिपणी छापील पत्रकातून वर्गणीदारांना घरपोच जाई. सोडवणारे अशा रीतीने हळूहळू रचणारे झाले. लॉइड्स बँकेचे अध्यक्ष सर जेरेमी मॉर्स या स्पर्धेतले नामांकित खेळाडू. त्यांच्याशी इथेच चुरस असलेले दुसरे एक खेळाडू कॉलिन डेक्स्टर. डेक्स्टर यांनी पुढे गुप्तहेरकथा लिहिल्या आणि आपल्या नायकाला नाव दिले इन्स्पेक्टर मॉर्स.

कोडे हातात आल्यावर काय करायचे? बारा बाय बाराची चौकट, साधारण छत्तीस क्लू, आणि त्यांतले कितीतरी शब्द जन्मात न ऐकलेले. जाणते लोक पहिल्या आडव्यापासून सुरुवात करत नाहीत. ते आधी सगळे क्लू नुसते नजरेखालून घालतात आणि हुकूमशब्द हुडकतात : फुटलेला, झिंगलेला, विस्कटलेला म्हणजे अक्षरे ढवळा, परतणारा, वर चढणारा म्हणजे उलटे वाचा, आत, पोटात, मधून म्हणजे दडलेले शोधा. अशी दोन-चार उत्तरे बसली की त्यांच्या आसपासच्या घरांतून मागे-पुढे सरकायचे. क्लूमधले विरामचिन्ह पाळायचे नाही, कारण ते नजर चुकवायलाच घातलेले असते. वाक्यातून जे चित्र आपोआप उभे राहते ते पुसून प्रत्येक शब्द सुटा पाहायचा, आणि याच सवयीला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

मग खरी मौज. शब्दखेळ सांगतो की उत्तर या सात अक्षरांचे, याच क्रमाने. असा शब्द आपण कधी पाहिलेला नाही. तो आहे तरी का? तेव्हा चेंबर्सचा जाडजूड कोश काढायचा, पान उलटायचे, आणि तो तिथे असतो, वर दिलेला अर्थही जुळतो. माहीत नसलेला शब्द आधी हाताने घडवायचा आणि मग तो खराच आहे असे कळायचे, हा आनंद रविवारच्या या कोड्याखेरीज मला दुसरीकडे मिळत नाही. कोडेकार न्यायी असला तरच हे शक्य होते. अर्थ अनोळखी असेल तर शब्दखेळ तरी निखळ हवा. या कोशात रयत, पेशवा, चारपाई, घाट हीसुद्धा मंडळी इंग्रजी वेशात राहतात. अशा वेळी मराठी माणूस लंडनकराच्या चार पावले पुढे असतो.

झिमेनीसचा कायदा सगळ्यांनी मानला असे नाही. ‘द गार्डियन’चे अरॉकेरिया, म्हणजे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहम, जास्त मोकळे रचत आणि वाचक त्यांच्यावर जीव टाकत. जानेवारी २०१३ मध्ये एके दिवशी त्यांच्या कोड्यावर छोटीशी टीप होती : कोडेकाराला अमुक क्रमांकाच्या जागेचा तमुक क्रमांकाचा विकार आहे आणि त्यावर अमुक-तमुक चालू आहे. ज्यांनी ती घरे भरली त्यांना उत्तरे मिळाली : कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक शुश्रूषा. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले, वय ९२. जन्मभर ज्यांच्याशी अक्षरांतून बोलले त्यांना ही बातमीही त्यांनी अक्षरांतूनच दिली. त्यात कुठे विक्षिप्तपणा वाटत नाही, फार जवळीक वाटते.

कोडे न्यायी आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई इलाख्यात बक्षिसांच्या शब्दकोडी-स्पर्धांचा सुळसुळाट झाला. फी भरायची, कूपन पाठवायचे, मोठी रक्कम जिंकायची. त्यांतल्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून चालत आणि मुंबई राज्यात तुफान खपत. १९४८ च्या मुंबई कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या अशा स्पर्धाही कराच्या जाळ्यात ओढल्या गेल्या आणि खटला उभा राहिला. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला : हा जुगार आहे. मुद्दा असा की या कोड्यांत एका जागी दोन-दोन शब्द सारखेच चपखल बसत आणि संयोजकांनी निवडलेला तेवढाच ‘बरोबर’ ठरे. मोठ्यातला मोठा भाषापंडितही तिथे केवळ नशिबावर. त्याआधी केंद्राच्या १९५५ च्या कायद्याने अशा बक्षिसांवर महिन्याला १,००० रुपयांची आणि प्रवेशिकांवर २,००० ची मर्यादा घातलीच होती. ज्या क्लूला दोन उत्तरे चालतात तो क्लू नव्हे, हे मॅकनट शिक्षकी शिस्तीने म्हणत होते. न्यायमूर्ती तेच घटनेच्या भाषेत म्हणाले.

भारतात क्रिप्टिक कोडे रुजले ते इंग्रजी वर्तमानपत्रांतून. चेन्नईच्या ‘द हिंदू’ने १९७१ मध्ये स्वतःचे कोडे सुरू केले. त्याचे पहिले कोडेकार अ‍ॅडमिरल रामदास कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

मराठीत मात्र हा प्रकार मूळ धरून राहिलेला नाही. याचे मला वाईट वाटते, कारण भाषेला तो पेलत नाही असे मुळीच नाही. अडचण चौकटीची आहे. इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट आख्खे अक्षर. आडव्यातला ‘की’ उभ्यात ‘का’ होऊन चालत नाही. म्हणून आपल्या चौकटीत काळी घरे जास्त आणि छेद कमी. यावर मॅथर्सच्या जाड रेघांसारखा काहीतरी स्वतःचा तोडगा काढावा लागेल. ऱ्हस्व-दीर्घ एक मानायचे का, जोडाक्षर फोडायचे का, ढवळताना काना जागेवरून हलवू द्यायचा का, हे कोणीतरी बसून ठरवायला हवे. आणि एकदा ठरवले की कोडेकाराने स्वतःलाही ते बंधनकारक मानायला हवे. शब्दांचा तुटवडा नाही. श्लेषावर आणि यमकावर शेकडो वर्षे पोसलेली ही भाषा आहे. एक क्लू इथेच ठेवतो, झिमेनीसच्या कायद्याने तपासलेला :

मदन थंड झाला की राबतो तो (४).