सुई हातात देण्याआधी

छत्तीसगडमधलं जगदलपूर ते रायपूर जवळपास ३०० किलोमीटर, वाटेत केशकालचा घाट. धाप लागलेलं बाळ मांडीवर घेऊन त्या रस्त्याने आलेल्या आईसमोर कोणी संशोधनाचं संमतिपत्र ठेवलं, तर तिला त्यातलं काय उमजेल? घरी ती कदाचित हलबी बोलत असेल, मराठी कानाला ओळखीची वाटणारी बोली. कागद मात्र हिंदीत. अत्यवस्थ मुलांवरच्या उपचारांची मोठी चाचणी घेण्याआधी छोटी चाचणी घेतात, ती अशा प्रश्नांसाठी. औषध गुणकारी आहे का, हे ती विचारत नाही. महिन्याला किती मुलं येतात, किती पालक होकार देतात, रात्री दोनला एकटी असलेली सिस्टर ठरलेला डोस वेळेवर देऊ शकते का, अपाय झालाच तर तो किती वेळात कोणाच्या लक्षात येतो, हे ती तपासते.

बबल सीपॅपचंच पाहा. बाळाच्या उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. पाण्याच्या खोलीइतका दाब छातीत टिकतो आणि फुप्फुसं मिटत नाहीत. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांच्या चाचणीत (२०१५) या पद्धतीच्या ७९ मुलांपैकी ३ दगावली, साध्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवरच्या ६७ पैकी १०. मग मलावीच्या सालिमा जिल्हा रुग्णालयात ६४४ मुलांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला: सीपॅपच्या गटात मृत्यू १७ टक्के, साध्या ऑक्सिजनच्या गटात ११. मुलं वेगळी होती, अनेकांना एचआयव्ही किंवा तीव्र कुपोषण होतं. पण डॉक्टरांची रोजची देखरेखही तिथे नव्हती. मला हा दुसरा फरक फार मोठा वाटतो. चिश्तींच्या गटाने पुढे इथिओपियात आधी मोजक्या रुग्णालयांत ही पद्धत चालवून पाहिली, त्यानंतरच १२ रुग्णालयांची मोठी चाचणी घेतली.

तरीही छोट्या चाचणीला सुरक्षिततेचा दाखला समजू नये. संख्याशास्त्रात तीनाचा नियम आहे: ३० मुलांत एकालाही अपाय दिसला नाही, तरी खरा धोका ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ तापाच्या अत्यवस्थ मुलांच्या चाचणीत (२०११) झपाट्याने सलाईन दिलेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. शंभरात तीनांचा हा फरक तीस मुलांत दिसलाच नसता. तो दिसला, कारण आकडे पाहणारी स्वतंत्र समिती होती आणि तिने मुलांची भरती थांबवायला लावली.

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने उपचाराआधी थांबून पाहण्याचा धीर फार पूर्वी दाखवला. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर गावातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, आणि तेही गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बाईने, असा विचार होता. चूक झाली असती तर काही दिवसांच्या बाळाच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून १९९५-९६ चं वर्ष ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी पाहण्यात आणि नोंदण्यात घालवलं. घरोघरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास मोजायचे; अशी ७६३ बाळं पाहिली गेली. त्या वर्षाने आजारांचं ओझं कळलं, आणि या बायका अचूक मोजतात, लिहितात, हेही कळलं. सुई त्यांच्या हाती आली ती त्यानंतर. तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा खरी. पण त्या पहिल्या वर्षाचं मोल मला निकालाइतकंच वाटतं.

रायपूरला अत्यवस्थ मुलांसाठी अशी छोटी चाचणी ठरलीच, तर पहिला महिना कोणतंही औषध न देता रात्रपाळीच्या वहीसोबत काढावा. बाळ किती वाजता आलं, पहिला ऑक्सिजन किती वाजता लागला, आणि आईशी तिच्या बोलीत कोण बोललं, एवढंच लिहावं.