एक फोटो, फक्त आपला

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमचा एकटीचा शेवटचा फोटो कधी काढला होता? आधार कार्डाचा धरायचा नाही हं! लग्नातले, बारशातले, मुलांच्या गॅदरिंगमधलेही नाहीत. त्यात आपण असतो, पण कडेवर कुणीतरी असतं, नाहीतर हातात ताट असतं. मोबाईलमध्ये हजार फोटो आहेत म्हणाल, तर ते काढणाऱ्या आपणच, म्हणून त्यात आपण नाहीच.

मी माझा शोधला तेव्हा सापडला तो पंधरा वर्षांपूर्वीचा. गुलाबी साडी, मागे स्टुडिओतला धबधब्याचा पडदा, मान किंचित डावीकडे. 'दाखवायचा' फोटो! वडिलांनी त्याच्या बारा प्रती काढल्या आणि त्या बारा घरी गेल्या. फोटोग्राफर वडिलांच्या ओळखीचे, साडी मावशीची, आणि 'जरा हस, पण दात दिसू देऊ नकोस' ही सूचना आईची. माझा काय तो चेहरा.

यंदा मला सदतीस पूर्ण झाली. दोन बाळंतपणं झाली, वजन वाढलं, आरशासमोर उभं राहायचं ते टिकली लावण्यापुरतं. मनात आलं, आता आहे तशी मी एकदा नीट बघावी, आणि तीही कुणाच्या पसंतीसाठी नाही.

अशा फोटोंना हल्ली एक नाव आहे, 'बुद्वार' फोटोग्राफी. शब्द फ्रेंच. बुद्वार म्हणजे घरातल्या बाईची खासगी खोली, आणि त्याचं मूळ रुसणे, गाल फुगवणे ह्या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणजे आपल्या कैकेयीचं कोपभवनच की! अमेरिकेत, युरोपात नवऱ्या मुली लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याला भेट म्हणून असे फोटो काढून घेतात. आता पुष्कळ जणी स्वतःसाठीच काढतात, आणि मुंबई-पुण्यातही असं काम करणारे आहेत. ऐकून दचकू नका. किती आणि काय दाखवायचं हे त्या बाईनंच ठरवायचं असतं. मी ठरवलं होतं: आजीची इरकल, मोकळे केस, उघडे खांदे. बस्स.

ह्यांना सांगितलं तेव्हा वर्तमानपत्रामागून उत्तर आलं, "मोबाईल आहे ना? मीच काढतो." मग जरा वेळानं, "पण कुणाला दाखवणार आहेस?" मी म्हटलं, "मला." त्यावर वर्तमानपत्र खाली आलं.

खरी अडचण फोटोग्राफर निवडण्याची. त्यात मी जी ठेच खाल्ली ती तुम्ही खाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला स्टुडिओ गावातलाच, चांगला चालणारा. मी आडून आडून विचारलं. तर त्यांनी लगेच खिशातून मोबाईल काढला आणि "हे बघा मॅडम, आपण असं काम करतो" म्हणत फोटो सरकवायला सुरुवात केली. तिसऱ्या फोटोतल्या बाईला मी ओळखलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई! तिनं ते फोटो कुणी बघावेत म्हणून नक्कीच काढले नव्हते. मी पर्स उचलली. ज्यानं तिचे मला दाखवले, तो माझे पुढच्या बाईला दाखवणार. आधीचं काम बघायलाच हवं, पण "ह्या बाईंनी दाखवायला लेखी परवानगी दिली आहे का?" हे आधी विचारा. चांगला फोटोग्राफर ह्या प्रश्नानं चिडत नाही.

दुसऱ्या ठिकाणी वागणं सभ्य होतं, पण फोटोतल्या सगळ्या बायका सारख्याच गोऱ्या, सारख्याच गुळगुळीत, आणि पंचविशीच्या आतल्या. माझ्या वयाची, माझ्या रंगाची एकही नाही. तिथून काय घेऊन यायचं? आपल्यासारखीचा फोटो त्यानं कसा काढला आहे, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटी मैत्रिणीनं पुण्यातल्या एका बाईंचं नाव सुचवलं. बाई असणं म्हणजे सगळं आलं असं नाही, पण मोकळेपणाला मदत होते, हे खरं. ही सोय काही आजची नाही. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी खास जनाना स्टुडिओ उघडला होता. भोवती उंच भिंती, आणि आत काम बघायला मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई!

ह्या बाईंना मी फोनवरच पुष्कळ विचारून घेतलं. खोलीत कोण कोण असणार? दिवे धरायला मदतनीस असेल तर तो पुरुष की बाई? मला मैत्रीण बरोबर आणता येईल का? (ह्याला 'नाही' म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.) फोटो नीटनेटके करायला बाहेर कुणाकडे पाठवता का? कॅमेऱ्यातल्या कार्डाचं काय करता? कार्डावरचे फोटो नुसते पुसले तरी ते परत काढता येतात, हे मला आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर सरांनी सांगितलं होतं.

आणि कागद. लाज न बाळगता लेखी करून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो, पण करारात उलट लिहिलेलं नसेल तरच. तेव्हा सहीपूर्वी बारीक अक्षरं वाचा. जाहिरातीसाठी किंवा इंटरनेटवर फोटो वापरण्याची ओळ असेल, तर खोडून बाजूला सही करायला लावा. बाईच्या खासगी अवस्थेतल्या फोटोंना तर आणखी संरक्षण आहे. काढायला तिची संमती असली, पण इतरांना दाखवायला नसली, तर ते पसरवणं गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ७७ आहे.

त्या दिवशी खिडकीजवळ एक साधी खुर्ची होती. धबधबा नव्हता. पातळ पडद्यातून येणारा उजेड, आणि बाई पाच-सहा हात लांब उभ्या. लांबून का, तर कॅमेरा अगदी तोंडाजवळ आणला की नाक मोठं दिसतं. इतकी वर्षं मी मोबाईलमधलं नाक बघून स्वतःच्या नाकाला दोष देत होते! पहिला अर्धा तास माझे खांदे कानाला लागलेले होते. मग त्यांनी कॅमेरा ठेवला, चहा मागवला, मुलांच्या परीक्षांबद्दल विचारलं. बोलता बोलता मी केसांतून हात फिरवला, तोच फोटो सगळ्यांत चांगला आला.

चार दिवसांनी पडद्यावर दाखवताना त्यांनी विचारलं, "मनगटावरचा भाजल्याचा डाग आणि कमरेवरच्या रेषा, ठेवू की काढू?" मला वाटलं होतं, मी लगेच 'काढा' म्हणेन. डाग पोळीच्या तव्याचा, रेषा धाकटीच्या वेळच्या. मी बराच वेळ बघत राहिले. मग म्हटलं, "राहू द्या. आणि दात दिसताहेत तेही राहू द्या."

साडेचार हजार गेले. दिवाळीची साडी घेतली नाही, एवढंच. ह्या वेळी बारा प्रती नाहीत, एकच काढली. कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. हे दोनदा विचारून गेले, त्या कपाटाची किल्ली कुठे असते म्हणून. अजून सांगितलेली नाही.