अंगण आपले, फुटपाथ सर्वांचा

घरापुढे मोटार आणावयाची झाली, तर गवंड्याला बोलावून फाटकासमोर सिमेंटचा उतार ओतून घेतला की काम झाले, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. तो उतार पावसाचे पाणी अडवील की काय, चालणाऱ्याच्या पायात येईल की काय, याचा विचार क्वचितच कोणी करतो. हीच समजूत बरोबर घेऊन माझे एक स्नेही लंडनच्या उपनगरात राहावयास गेले. त्यांना तेथे जो धडा मिळाला, तो आज मी आपणांस सांगणार आहे.

तेथील जुन्या घरांपुढे लहानशी बाग असते, बागेपुढे फुटपाथ आणि त्यापुढे रस्ता. फुटपाथच्या कडेचा दगड रस्त्यापासून चारपाच इंच वर असतो. मोटार बागेच्या जागी उभी करावयाची, तर ही कड उतरवून इंचभर उंचीवर आणावी लागते. याला तेथे ‘ड्रॉप्ड कर्ब’ म्हणतात. नुसती कड उतरवून भागत नाही. फुटपाथचा तेवढा पट्टा खणून मोटारीचे वजन पेलील असा पुन्हा बांधावा लागतो. कारण मूळचा फुटपाथ माणसांच्या पावलांसाठी केलेला असतो, आणि त्याच्या पोटात पाण्याचे व गॅसचे नळ आणि विजेच्या तारा असतात.

माझ्या स्नेह्यांच्या मातोश्री गुडघ्यांनी अधू झालेल्या. मोटार दारापर्यंत यावी, ही त्यांची गरज खरी होती. स्नेह्यांनी बाग काढून फरसबंदी केली, रस्त्याच्या कडेला दोन फळ्या टाकल्या आणि त्यांवरून मोटार आत घ्यावयास प्रारंभ केला. एके संध्याकाळी पांढरी काठी घेऊन चालणारे शेजारचे वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडून येत असता त्या फळीला अडखळून पडले. सुदैवाने फारसे लागले नाही. पुढच्याच आठवड्यात कौन्सिलचे पत्र आले: फळ्या काढाव्यात आणि रीतसर अर्ज करावा. स्नेही संतापले. ‘माझ्या घरात माझी मोटार न्यावयास यांची परवानगी कशाला?’

या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. अंगण त्यांचे होते. फुटपाथ त्यांचा नव्हता. फुटपाथवरून गाडी हाकणे हा इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि त्या वेळी मोटार जन्मालाही आली नव्हती. फुटपाथ ओलांडून घरात जाण्याची वाट कशी मिळावी, हे १९८० च्या हायवेज ॲक्टच्या १८४ व्या कलमात सांगितले आहे. कौन्सिलने विचार करावयाचा तो असा: फुटपाथची नासधूस टळावी, आत-बाहेर जाणे शक्य तितके निर्धोक असावे आणि रस्त्यावरील वाहतूक सुरळीत चालावी. परवानगीवाचून कोणी नित्य मोटार नेत राहिला, तर कौन्सिल नोटीस देऊन स्वतः काम करून घेऊ शकते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते.

अर्ज गेला की कौन्सिलचा माणूस येऊन जागा मोजतो. मोटार पूर्णपणे आत मावली पाहिजे, तिचे शेपूट फुटपाथवर येता कामा नये. यासाठी अनेक कौन्सिले सुमारे ४.८ मीटर खोली मागतात. हा आकडा गावागणिक बदलतो. कोपरा किती जवळ आहे, बाहेर पडताना दोन्ही बाजूंचे दिसते का, रस्त्याचे झाड वा दिव्याचा खांब आड येतो का, हेही पाहिले जाते. फाटक रस्त्याकडे उघडणारे चालत नाही.

याशिवाय प्लॅनिंगची परवानगी ही वेगळी बाब आहे. घर अ, ब किंवा क वर्गाच्या रस्त्यावर असेल, किंवा सदनिकांची इमारत असेल, तर ती सामान्यतः लागते. लंडनच्या बरोंत दोन्ही खाती बहुधा एकाच कौन्सिलात असतात. पण जेथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिले आहेत, तेथे रस्त्याचा अर्ज काउंटीकडे आणि प्लॅनिंगचा डिस्ट्रिक्टकडे करावा लागतो. एका दारी मिळालेला होकार दुसऱ्या दारी चालत नाही. स्कॉटलंडचा कायदा तर निराळाच आहे.

बाग फरसबंद करण्यावरही बंधन आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून घरापुढील ५ चौरस मीटरांहून अधिक जागेवर पाणी न जिरणारी फरसबंदी करून ते रस्त्यावर सोडावयाचे असेल, तर प्लॅनिंगची परवानगी लागते. पाणी जिरेल अशी फरसबंदी केली, अथवा ते आपल्याच वाफ्यात वळविले, तर लागत नाही. एकेका घराचे पाणी थोडे. पण सबंध गल्लीचे एकदम गटारात गेले की गटार तुंबते.

खर्च सारा अर्जदाराचा. अर्जाची फी पुष्कळ ठिकाणी नकार मिळाला तरी परत मिळत नाही, आणि काम कौन्सिलचा किंवा तिने मान्य केलेला कंत्राटदारच करतो. इतके करूनही तो पट्टा आपल्या मालकीचा होत नाही. तो सार्वजनिक रस्ताच राहतो. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. उतरत्या कडेपुढे इतरांना मोटार उभी करता येत नाही. म्हणजे आपल्याला आत एक जागा मिळते, तेव्हा रस्त्यावरची, कोणाच्याही उपयोगी पडणारी एक जागा जाते. कौन्सिल इतकी चौकशी का करते, याचे मर्म येथे आहे.

माझ्या स्नेह्यांचा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्यांनी मोटारीची जागा पुढे आलेल्या खिडकीसमोर दाखविली होती, आणि तेथे खोली अपुरी पडली. दुसऱ्या अर्जात त्यांनी ती दरवाजाच्या बाजूला सरकविली; अर्ज मंजूर झाला. मात्र फरसबंदीचा अर्धा भाग उखडून तेथे पुन्हा गुलाब लावावे लागले. हा दुहेरी खर्च आरंभीच अर्ज केला असता तर वाचला असता. आता मातोश्री दारातच मोटारीत बसतात. आणि ते शेजारी तेथून जाऊ लागले की स्नेही मोटार थांबवून धरतात. ते पुढे गेल्यावर मगच ती बाहेर काढतात.

तेव्हा आपले कोणी आप्तेष्ट तिकडे घर घेत असतील, तर त्यांना एवढेच लिहून कळवावे: आधी अर्ज, मग कुदळ.