चार्लीच्या नावावर वाढवलेली रिळं

आखूड कोट, ढगळ विजार, हातात काठी आणि नाकाखाली चिमूटभर मिशी, म्हणजे चार्ली चॅप्लिन. तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. आज आम्ही त्याच्या एका कोर्टकज्ज्याची गोष्ट सांगणार आहोत.

चार्ली इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला गरीब घरचा नट. १९१४ साली सिनेमात आला तेव्हा त्याला आठवड्याला १५० डॉलर मिळत. १९१५ मध्ये एसॅने या कंपनीने १,२५० दिले आणि १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीने थेट १०,०००! दोन वर्षांत एवढी झेप. साहजिकच एसॅनेची दुभती गाय गेली. पण तिच्या कोठारात चार्लीची जुनी रिळं होती.

त्यात 'कार्मेन' या गाजलेल्या कथेची चार्लीने उडवलेली टर होती, दोन रिळांची. एक रीळ म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटं. कंपनीने त्याची चार रिळं केली. चार्लीने नको म्हणून काढून टाकलेले तुकडे परत जोडले. शिवाय लिओ व्हाइट नावाच्या नटाकडून बेन टर्पिन या तिरळ्या विनोदी नटाचे नवे प्रसंग काढून घेतले आणि मध्ये घुसवले. या प्रसंगांत चार्ली नव्हताच. मूकपटात हे सोपं असतं. आवाज नाही, त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही जोडावा आणि मधे अक्षरांची पाटी दाखवून गोष्ट पुढे ढकलावी.

आपल्या भाषेत सांगायचं तर, गटाने अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी करून दिली, व्यापाऱ्याने तीत डाळं दळून घातलं, किलोभर केली आणि पाकिटावर नाव मात्र गटाचंच ठेवलं. आमच्या ओळखीच्या एका गटावर ही वेळ आलेली आहे. गिऱ्हाईक चव बिघडली म्हणून बायकांनाच बोललं, व्यापाऱ्याला कोणी विचारलं नाही. तसंच लांबलेला, कंटाळवाणा सिनेमा बघून लोक चार्लीलाच नावं ठेवणार, ही त्याची भीती.

तो १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला आणि हरला. सिनेमा कंपनीच्या मालकीचा, आणि कापाकापी करू नये असं करारात कुठे लिहिलेलं नव्हतं. या धक्क्याने आपण दोन दिवस अंथरुणाला खिळलो, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. पण पुढच्या प्रत्येक करारात त्याने अट घातली: माझं पुरं झालेलं काम कोणी तोडायचं नाही, वाढवायचं नाही, त्यात ढवळाढवळ करायची नाही. १९१८ मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओच बांधला.

आपल्याकडे २०१२ पासून कॉपीराइट कायद्यात कलाकारासाठी असं कलम आहे. ओवी गाणारी बाईसुद्धा त्यात येते. तिच्या गाण्याची मोडतोड करून नावाला बट्टा लावला, तर ती दाद मागू शकते. मात्र वेळेत बसवायला नुसता थोडा भाग कापला, तर ती मोडतोड धरत नाहीत. आमच्या रेडिओवरही कापतात, आम्ही रुसत नाही! तरी रेकॉर्डिंगच्या कागदावर सही करण्याआधी गटातल्या वाचणाऱ्या मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्या. 'हवे ते बदल करण्यास संमती' असं आलं, तर तिथेच थांबून विचारा.

एसॅने मात्र थांबली नाही. १९१८ मध्ये तिने 'ट्रिपल ट्रबल' काढला. त्यात चार्लीच्या जुन्या सिनेमांतले तुकडे, त्याने अर्धवट सोडलेल्या 'लाइफ' नावाच्या सिनेमातले काही, आणि बाकी लिओ व्हाइटचं नवं काम. सगळी वाकळच! मौज अशी, की त्या अर्धवट सिनेमाचं जे काही आज बघायला मिळतं, ते याच वाकळीत शिल्लक राहिलं, असं अभ्यासक मानतात.