ज्वाला एक, इंधनें अनेक

मस्तगडावरच्या एखाद्या घरांत सिलिंडरच्या शेगडीस गोबरगॅसची नळी जोडून पाहिली, तर ज्वाला मंदावेल, कदाचित् विझेलही. भोक तेंच, त्यांतून येणारी उष्णता मात्र कमी.

वीज निर्माण करणाऱ्या गॅस टर्बाइनपुढें हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. गुहागरजवळील अंजनवेलचा प्रकल्प १९९९ मध्यें नाफ्त्यावर सुरू झाला, २००१ मध्यें बंद पडला व पुढें नैसर्गिक वायूवर आला. तेथें एक इंधन सोडून दुसरें घेतलें. दोन वायू मिसळून चालत्या यंत्रास पुरविणें याहून अवघड. कारण मिश्रण क्षणोक्षणीं बदलूं शकतें. अशा वेळीं झडप किती उघडली एवढें कळून भागत नाहीं. उष्मांकास सापेक्ष घनतेच्या वर्गमूळानें भागून येणारा ‘वोब्बे-अंक’ मोजावा लागतो, आणि त्यावरून झडप हलवावी लागते.

हायड्रोजनचें उदाहरण मौजेचें आहे. समान घनफळांत त्याची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. परंतु तो इतका हलका कीं त्याच भोकांतून जवळजवळ तिप्पट वेगानें जातो, आणि तूट बरीचशी भरून निघते. फसगत होते ती येथेंच! त्याची ज्योत फार वेगानें पसरते. ती उलटून मिश्रणनळींत शिरली तर नळी वितळण्याचें भय. म्हणून त्याचें प्रमाण बेताबेतानें वाढवितात, आणि तेथील तापमापकानें इशारा देतांच तो तोडून निव्वळ नैसर्गिक वायूवर परततात.