दुसऱ्या चित्रपटाचं गाव

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भद्रकालीत भाजी घेत होतो. ‘जपानमध्ये नवोदित दिग्दर्शकांना दरवर्षी एक मानाचा पुरस्कार देतात. आपल्याकडे तसं काय आहे ते बघ. आणि तू नाशिकचा, म्हणजे फाळके आलेच,’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

फाळके आलेच, हे खरं. त्र्यंबकेश्वरला जन्म, नाशिकला मृत्यू, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक. शाळेच्या सहलीत डबा खायला तिथे बसलो होतो, एवढाच काय तो लहानपणी त्यांच्याशी माझा संबंध.

जपानचं आधी उरकतो. तिथल्या दिग्दर्शकांची संघटना १९३६ सालची. नव्या दिग्दर्शकासाठीचा पुरस्कार तिने १९६० साली सुरू केला आणि पहिला मान अठ्ठावीस वर्षांच्या नागिसा ओशिमांना दिला. इथे निवडणारेही दिग्दर्शकच, ही गोष्ट मला फार आवडली. गवयाला गवयांनी दाद द्यावी तसं. पण त्याच वर्षी ओशिमांचा आणखी एक चित्रपट त्यांच्याच कंपनीने काही दिवसांत थिएटरांतून काढून घेतला. ते कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. पुढे तेच ओशिमा त्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

आपल्याकडे याच्या जवळचा पुरस्कार म्हणजे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमधला, दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा. सुरुवात १९८० च्या चित्रपटांपासून. निवड ज्युरीची, सुवर्णकमळ केंद्र सरकारचं. मराठीने इथे बरी कमाई केली आहे. २०१० चा राजेश पिंजानींचा ‘बाबू बँड बाजा’, २०१३ चा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१८ चा सुधाकर रेड्डी यक्कंटींचा ‘नाळ’ आणि २०२३ चा आशिष बेंडेंचा ‘आत्मपॅम्फ्लेट’. हा शेवटचा लिहिला परेश मोकाशींनी. मोकाशींचा स्वतःचा पहिला चित्रपट ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटावरचा. वळसा घालून पुन्हा नाशिकच.

हे सगळं टिपून घेतलं, पण मन अडकलं ते एका यंत्रात. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. कॅमेऱ्याच्या जोडीला त्यांना भोकं पाडायचं यंत्रही लागलं, त्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची. कडेची भोकं, ज्यांत कॅमेऱ्याचे दात अडकून फिल्म पुढे सरकते, ती आपली आपण पाडायची. फिल्मला उजेड चालत नाही, म्हणून तेही अंधारात. एका चौकटीला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ भोकं. एका फुटात सोळा चौकटी. त्यांच्या पहिल्या चित्रपटाची, ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. मी पाकिटाच्या मागे गुणाकार करून पाहिला. एका प्रतीला चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भोकं! मूळ निगेटिव्हची वेगळी, आणि वाया गेलेल्या फिल्मची त्याहून वेगळी. भोक केसभर सरकलं तर पडद्यावर सत्यवचनी राजा थरथरणार.

हे काम रात्री चालायचं आणि ते करायच्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रण चालू असताना पांढरी चादर ताणून पात्रांवर ऊन फेकायचं, आणि घर निजल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची. भांडवलासाठी त्यांचे दागिने आधीच गहाण पडले होते. नवऱ्याची विमा पॉलिसीही तारण होती. काळोखात चाचपत, बोटांच्या अंदाजाने फिल्म सरकवत बसलेल्या त्या बाईंचं चित्र डोक्यातून जात नाही. श्रेयनामावलीची पद्धत तेव्हा असती तर त्यांच्या नावापुढे नेमकं काय लिहिलं असतं कोण जाणे.

३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला तेव्हा या नवोदित दिग्दर्शकाला त्रेचाळीस वर्षं पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. गोध्र्याला फोटोग्राफी, सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना, असं बरंच काही मागे पडलं होतं. ‘नवोदित’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंचविशीतला दाढीवाला मुलगा येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पहिला चित्रपट घडला दादरला. लगेच फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. आई दुर्गाबाई कामत आणि मुलगी कमळाबाई, अशा दोघी त्यात पडद्यावर आल्या. ‘हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाला व्हावं लागलं होतं. तेव्हा नाशिक हे भारतीय सिनेमाचं जन्मगाव नव्हे. ते दुसऱ्या चित्रपटाचं गाव, आणि मला त्याचा जास्त अभिमान वाटतो.

कारण खरी गोची दुसऱ्यापासून पुढे होते. पहिला चित्रपट माणूस दागिने विकून, मित्रांची उधारी करून, झपाटल्यासारखा काढतो. पुरस्कार मिळतो, हार पडतात. पुढे? १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’साठी कुंदन शाहांना हाच पुरस्कार मिळाला. त्यांचा पुढचा चित्रपट, ‘कभी हाँ कभी ना’, आला १९९४ मध्ये. मधली वर्षं दूरदर्शनच्या मालिकांनी तारली. संदीप सावंतांच्या पहिल्याच ‘श्वास’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ घेतलं, २००४ साली तो ऑस्करला गेला, आणि त्यांचा ‘नदी वाहते’ लागायला २०१७ उजाडलं. मंजुळ्यांसारखं ‘फँड्री’नंतर तीन वर्षांत ‘सैराट’, हे फार थोड्यांच्या नशिबी. फाळक्यांनाही हे चुकलं नाही. तीन चित्रपट काढून झाल्यावर १९१४ चं महायुद्ध आलं आणि पैसे देणारे हात आखडले. ‘लंकादहन’ पडद्यावर यायला १९१७ साल लागलं.

पुरस्काराच्या रकमेने यात फारसा फरक पडत नाही. पूर्वी ती निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यात वाटली जायची. २०२४ मध्ये नियम बदलले आणि आता पूर्ण तीन लाख दिग्दर्शकाच्या हातात पडतात. सुधारणा चांगलीच आहे, पण तीन लाखांत आज चित्रपट सोडा, त्याच्या चित्रणाचे चार दिवसही निघणार नाहीत. सुवर्णकमळ भिंतीवर लावून दिग्दर्शक पुन्हा निर्मात्यांच्या दारात उभा.

त्याच बदलात पुरस्काराचं नावही गेलं. आधी तो इंदिरा गांधींच्या नावाने होता, आता नुसताच ‘सर्वोत्कृष्ट पदार्पण’. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून आहे, पण तो जन्मभराच्या कामासाठी, बहुधा केस पांढरे झाल्यावर मिळणारा. तो आहे तिथे असू द्या. पदार्पणाची जागा मात्र रिकामी आहे. दिल्लीत कुणी ऐकत असेल तर नाशिककराची एक मागणी आहे: त्या पुरस्काराला सरस्वतीबाई फाळके यांचं नाव द्या.